गोमायच्या मातीतले टुणके

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "मॅडम, तुमच्या क्षेत्रातला एखादा रोमहर्षक अनुभव लिहा," म्हणाले. मी म्हटलं, अहो, माझं क्षेत्र म्हणजे चिखल. आयुष्यभर भिवंडीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात माती चाळली. त्यात रोमांच कुठून आणू? गुडघे गेले, मान गेली, चष्म्याचा नंबर तर विचारूच नका. आणि हे सगळं कशापायी, तर टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान अशा एका प्राण्यापायी. "मग तेच लिहा," म्हणाले. लिहिते. पण थकलेल्या बाईचं लिहिणं आहे, मध्येच चिडचिड झाली तर सांभाळून घ्या.

आधी त्या प्राण्याची ओळख करून देते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कुंडीला पाणी घातलं की मातीवरून पांढुरके ठिपके टुणकन उडतात, पाहिलेत? पाहिले असतील आणि 'ई, काहीतरी आहे' म्हणून कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवली असेल. तेच ते. इंग्रजीत त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, कारण मराठी माणसाचं त्यांच्यावाचून कधी अडलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही त्यांना टुणके म्हणायचो. सहा पाय आहेत, पण शास्त्रज्ञांनी त्यांना कीटकांच्या पंगतीतून उठवून शेजारी वेगळं पान मांडून दिलंय. पोटाखाली दुमडलेला एक चिमटा असतो, तो सुटला की स्वारी हवेत. चावत नाही, डसत नाही, पीक खात नाही. सडलेली पानं आणि बुरशी खाऊन मातीची सुपीक माती करत बसतो. जो कुणाचं वाईट करत नाही त्याची दखल कोण घेतो?

मातीतून टुणके काढायची पद्धत अगदी घरगुती आहे. रॉकेल ओतायचं नरसाळं घ्यायचं, त्यात जाळी, जाळीवर माती, वर पिवळा बल्ब आणि खाली स्पिरिटची बाटली. बल्बच्या उष्णतेनं माती वरून सुकत येते, टुणके ओलाव्याच्या मागे खाली खाली सरकतात आणि शेवटी टपकन बाटलीत. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग बाजारातून पिवळे बल्ब गेले आणि एलईडी आले. उजेड लख्ख, ऊब शून्य. टुणके निवांत वरच बसलेले! मी भिवंडीतली इलेक्ट्रिकची दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "मॅडम, मुर्गी का धंदा है क्या?" कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला तेच बल्ब लागतात. "हाँ, है," मी म्हटलं. भर बाजारात कोण समजावत बसणार! त्यानं माळ्यावरचं खोकं काढून दिलं आणि वर प्रेमानं सांगितलं, "चूजे को जादा गरम मत रखना, मर जाते हैं." मला मारायचेच आहेत, असं तोंडावर आलं होतं. जीभ चावली आणि खोकं उचललं.

आमच्याकडे गिऱ्हाइकंही यायची बरं का. एक लूमवाले शेठ थेट तास चालू असताना वर्गात शिरले. हातात बाटली, बाटलीत सुताचे तुकडे. "मॅडम, माल में जंप मारनेवाला कीड़ा पड़ गया है. पार्टी माल लेने को तैयार नहीं." पाहिलं तर आमचेच टुणके. सुताला खळ लावतात, यांच्या गाळ्याची फरशी ओली, खळीवर बुरशी धरली आणि बुरशीवर हे जेवायला आले. मी म्हटलं, फरशी सुकवा, ते जातील, कापडाला तोंड लावत नाहीत. शेठना पटलं, पण त्यांच्या पार्टीला पटेना. मग मी कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं की हा प्राणी कापड खात नाही. पुढे त्या कागदाच्या झेरॉक्सा सगळ्या भागात फिरल्या म्हणे. मालाला उंदीर लागला तरी लोक माझी झेरॉक्स दाखवायचे. एवढीच माझी समाजोपयोगी कामगिरी.

पण मी त्यासाठी राबले नव्हते. मला एकाच प्रश्नानं छळलं होतं: एका जातीच्या दोन जाती होतात, त्या कशा आणि केव्हा? हत्ती-वाघांचं सोपं असतं, दिसतं तरी. टुणक्यांत पंचाईत ही की दोन अगदी वेगळ्या जाती सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब एकसारख्या दिसतात. अंगावरचे केस मोजा, मिशा मोजा, डोळ्यांचे ठिपके मोजा, फरक सापडत नाही आणि मान मात्र कायमची आखडते. अशा वेळी पेशीत डोकवावं लागतं. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हटलंय. त्यांचा स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो आणि तो लेकराला फक्त आईकडून मिळतो. तो सबंध वाचून काढायचा, त्यालाच मायटोकॉन्ड्रियल जीनोम म्हणतात.

माझी विद्यार्थिनी प्रणाली हे फार छान समजावून सांगायची. म्हणायची, आमच्या आगऱ्यांच्या घरचा मसाला आईकडून लेकीकडे जातो. दर पिढीत एखादा जिन्नस कमीजास्त होतो. दोन घरच्या मसाल्यांची चव जितकी वेगळी, तितक्या मागे त्या घरच्या आया एकमेकींपासून दूर गेलेल्या. मी इतकी वर्षं फळ्यावर वर्तुळं काढत होते आणि पोरं पेंगत होती. हिनं मसाला काढला की सगळे जागे.

प्रणाली भिवंडीजवळच्या पूर्ण्याची. बीएस्सीला माझ्याच वर्गात होती आणि मी निवृत्तीला टेकले असताना पीएचडीसाठी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "अगं बाई, दुसरं कुणी बघ. माझ्यात आता दम नाही." तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही नुसत्या खुर्चीत बसा. मला ओरडायला कुणीतरी पाहिजे." ओरडणं मला जमण्यासारखं होतं, म्हणून हो म्हटलं. निवृत्त झाल्यावरही तिच्यापायी कॉलेजच्या पायऱ्या चढत राहिले.

तिचे वडील गावात हरीशेठ म्हणून ओळखले जातात. शेती, मग रेतीचा धंदा, मग जमिनीचे व्यवहार, असा पूर्ण्याच्या बऱ्याच कर्त्या माणसांचा प्रवास, तसाच त्यांचा. पूर्ण्यात पूर्वी प्रत्येक शेताला नाव असायचं. सरकारी सर्व्हे नंबर वेगळा आणि हाक मारायचं नाव वेगळं. हरीशेठच्या खाडीकडच्या शेताचं नाव होतं गोमाय. गोमाय ही त्यांची आजी. भरतीचं खारं पाणी शेतात घुसायचं, तेव्हा त्या बाईनं डोक्यावरून चिखल वाहून बांध घातला आणि तिथं भात पिकवला. माणसं तिलाही गोमाय म्हणायची आणि शेतालाही. बाकीची शेतं एकेक करून गोदामांत गेली. तिन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच भिंती आणि मध्ये ही एकटी गोमाय, एवढंच उरलं होतं.

प्रणालीनं पावसाळ्यात दोन ठिकाणची माती आणली. एक गोमायची, दुसरी अंबाडी गावाच्या पलीकडच्या डोंगरउतारावरची. दोन्हीकडे दिसायला तोच टुणका. आमची नेहमीची पद्धत अशी, की बाटलीतले निम्मे टुणके डीएनएसाठी चिरडायचे आणि निम्मे आम्लात पारदर्शक करून काचपट्टीवर चढवायचे. जीव इतका लहान की डीएनए हवा तर अख्खा चिरडावा लागतो, आणि आम्लात घातला की त्याचा डीएनए कामातून जातो. चिरडलेल्यांच्या नळ्या आम्ही परगावच्या प्रयोगशाळेला पाठवायचो, तिथून महिन्यांनी निकाल यायचा.

निकाल आला तो पाहून मला आधी वाटलं, यांनी नळ्यांची अदलाबदल केली. परत विचारलं. नाही म्हणाले. डोंगरावरच्या आणि गोमायच्या टुणक्यांत एवढा फरक होता, की त्यांच्या आया कधीच्या काळी वेगळ्या झालेल्या असणार. माणूस भात लावायला शिकण्याच्या कितीतरी आधी. आणि गंमत पुढेच होती. गोमायच्या काही थोड्या नळ्यांत चक्क डोंगरवाला वंश निघाला. म्हणजे दोघं एकाच शेतात, एकाच मातीत राहत होते. मायटोकॉन्ड्रिया आईचीच बाजू सांगतात, म्हणून आम्ही आईबाप दोघांकडून येणारी जनुकंही तपासली. तिथंही सरमिसळ नाही. शेजारीशेजारी राहतात आणि तरी सोयरीक होत नाही. माणसांच्या जातींत सोयरीक होऊ शकते, होऊ देत नाहीत एवढंच. टुणक्यांत ती होतच नव्हती. वेगळी जात असल्याचा याहून मोठा पुरावा नसतो.

प्रणालीनं त्या दिवशी मला मिठी मारली. मी मिठ्या मारणाऱ्यांतली नाही, पण सहन केली.

ती घरी जाऊन सांगायची ते सांगून बसली. दुसऱ्या दिवशी हरीशेठ स्वतः कॉलेजात हजर. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, हातात मिठाईचा पुडा. "बाई, पोर बोलते आमच्या शेतात नवी जात गावली. जगात कुठंच न्हाय?"

"सध्या तरी दुसरीकडे सापडलेली नाही," मी म्हटलं.

"मंग तिचा नाव गोमायचा ठेवायचा. ठेवता येतो ना?"

"येतं. लॅटिनमध्ये वळवून ठेवता येतं."

ते खुर्चीवर बसले आणि पुडा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "शेत चाललाय, बाई. भावांच्या सगल्यांच्या सह्या झाल्या. मी एकटा किती धरून ठेवणार? गोदाम झाला की तिथं गोमाय कोन बोलनार? नाव तरी कुठं राहू द्या." एवढं बोलून त्यांनी मिठाईचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि उठले. माणूस तोंडावर हसत होता, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

आता अडचण काय होती ते नीट सांगते, कारण सगळं त्यावर आहे. नव्या जातीला नाव द्यायचं तर जगभर एक नियम आहे. 'हाच तो' म्हणून एक तरी प्राणी दाखवावा लागतो, अंगासकट, कायमचा जपून ठेवलेला. आमच्याकडे काय होतं? ज्यांचा वंश माहीत होता ते चिरडून संपले होते. जे अंगानं शाबूत होते ते काचपट्टीवर होते, पण त्यांचा वंश कळायचा मार्ग उरला नव्हता, आणि दोन्ही जाती दिसायला एकच. एका मुठीत एकच जात असणार असं धरून सगळं जग काम करतं, तसं आम्हीही केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उपाय होता. नव्या पद्धतीत टुणका एका द्रावणात भिजवून ठेवतात. आतलं सगळं विरघळून डीएनए हाती येतो आणि बाहेरचं कातडं जसंच्या तसं राहतं. अंगही राहतं आणि वंशही कळतो. त्यासाठी गोमायचे ताजे टुणके हवे होते. पण तोवर उन्हाळा तोंडावर आलेला. खाडीकडची ती जमीन उन्हाळ्यात तडकते आणि टुणके खोल तरी जातात, नाहीतर अंडी मागे ठेवून मरतात. ते वर यायला पाऊस हवा, आणि गोदामवाल्यांना भराव पावसाच्या आत उरकायचा होता. प्रणाली त्यांच्या ऑफिसात जाऊन आली. एक पावसाळा थांबा, म्हणाली. साहेबानं चहा पाजला आणि विचारलं, "मॅडम, कीडे के लिए?" परत आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं.

मी म्हटलं, रडत बसू नकोस. मातीच इकडे आणू, पाणी घालू, अंडी असतील तर फुटतील.

भर उन्हात आम्ही गोमायत गेलो. गोदामांच्या पत्र्यांवरून येणारी झळ, पायाखाली भेगा. प्रणालीनं मधोमध फावडं मारलं, ते टणकन उडालं. परत मारलं, परत उडालं. हाताला फोड आले, पण मूठभर ढेकळांपलीकडे काही निघेना. तेवढ्यात हरीशेठ आले. लेकीच्या हातातलं फावडं घेतलं, सोन्याचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि आम्हाला बांधालगतच्या कोपऱ्यात घेऊन गेले. "बाई, हितली घ्या. सगल्या शेतात ही एकच जागा भुसभुशीत. माझ्या बापानं, आजानं सांभाळलेली माती हाय. बाकीच्या दगडात पावरा बसनार न्हाय." आणि खरंच, तिथं फावडं आत शिरत होतं. काळी, मऊ, हातात घ्यावीशी वाटणारी माती. त्यांनी एकट्यानं गोण्या भरल्या. पांढरा शर्ट मातकट झाला. मी सावलीला उभी राहून त्यांचं घड्याळ सांभाळत होते आणि मनात म्हणत होते, देवा, यातून एक तरी निघू दे.

प्रयोगशाळेत टबांची रांग लागली. त्यातल्या एका लहान टबात मधल्या भागातली ती मूठभर ढेकळंही होती. रोज पाणी शिंपडायचं, ओलं फडकं झाकायचं. नवे प्राचार्य दारातून डोकावून म्हणाले, "मॅडम, ही लॅब आहे की रोपवाटिका?" मी म्हटलं, "सर, सध्या सुईणीचं काम चाललंय." ते जे गेले ते परत आले नाहीत.

टब गप्प होते. आठवडे गेले तरी गप्प. तिकडे मानकोली नाक्याकडून मुरमाचे डंपर सुरू झाले. प्रणालीच्या घराच्या गच्चीवरून ते दिसायचे. सकाळी आली की मी विचारायची नाही आणि तीच सांगायची. "मॅडम, पाणंद बुजवली." "मॅडम, बांध गेला." बांध गेला म्हणाली त्या दिवशी आम्ही दोघींनी डबे उघडलेच नाहीत.

आणि मग एका सकाळी फडकं उचललं तर टुणटुण, टुणटुण! अख्ख्या टबावर ठिपके उडत होते. प्रणाली किंचाळली. मला वाटलं, शॉक लागला. तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला, कॅमेरा टबावर धरला. "बाबा, बघा! गोमायची पोरा! उडतात बघा कशी!" पलीकडे हरीशेठ नुसते "हां, हां" म्हणत होते, त्यांना त्या फोनवर डोंबल दिसत होतं. संध्याकाळी मात्र साऱ्या विभागाला जिलेबी आली. फक्त ढेकळांचा तो लहान टब तेवढा मुका राहिला. एवढ्याशा मातीतून काय निघणार, म्हणून आम्ही त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही.

पुढचं काम प्रणालीनं एकटीनं केलं, मी खुर्चीत बसून ओरडले. एकेक टुणका भिजवून, कातडं वेगळं करून, त्याच्या नळीला आणि काचेला एकच खूण लावून सगळं जिथल्या तिथे ठेवलं. या वेळी चूक व्हायला जागा नव्हती. नळ्या गेल्या, पाऊस आला आणि एके दुपारी निकाल आला.

सगळे डोंगरवाले. एकूण एक.

मी परत परत वाचलं. प्रणालीनं वाचलं. बाहेर कुठल्याशा वर्गात हजेरी चालली होती, ती ऐकू येत होती. ती टेबलावर डोकं टेकून बसली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, ठेवता आला नाही. मीच रडेन अशी भीती वाटली.

तिच्या प्रबंधाला धक्का नव्हता, हे सांगायला हवं. एका शेतात दोन वंश राहतात आणि मिसळत नाहीत, हा शोध भक्कम होता, पदवी मिळणारच होती. पण नाव गेलं. प्रबंधात त्या जातीला 'अनाम वंश' एवढंच म्हणता येणार होतं.

मी थकले होते. निवृत्तीनंतर माणसानं ज्या गोष्टींपासून सुटायचं असतं त्या सगळ्या माझ्या मानगुटीवर बसलेल्या. मी तिला म्हटलं, "आपल्या जुन्या काचपट्ट्या आहेत. त्यांत बहुतेक गोमायवालेच असणार. त्यातली एक चांगली उचल आणि लिही की हाच तो. दिसायला एकच आहेत, कोण सांगणार आहे?"

तिनं डोकं वर केलं. "मॅडम, आणि ती काच डोंगरवाल्याची निघाली तर?"

"कुणाला कधीच कळणार नाही."

"म्हणून तर नको," म्हणाली. "उद्या पणजीच्या नावानं भलताच कुणी फिरायचा."

बरं वाटलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम वाटायचं ते माझं वय नाही आता, दम लागतो.

राहिलं होतं हरीशेठना सांगणं. एकटीला जाऊ देववेना, म्हणून मीही पूर्ण्याला गेले. पाऊस चालू होता. त्यांच्या घराच्या पडवीतून समोर दिसत होता लाल मुरमाचा सपाट चौकोन, रोलर फिरवलेला, कडेला लोखंडी खांब उभे करायला सुरुवात झालेली. तो चौकोन म्हणजे गोमाय, हे मला प्रणालीनं सांगावं लागलं. तिच्या आईनं चहा आणि चण्याची बशी आणून ठेवली. हरीशेठनी मी टेकायच्या आधीच विचारलं, "आला का, बाई, नाव?"

प्रणालीनंच सांगितलं. आमच्यासमोर नीट मराठी बोलणारी पोर बापाशी गावचं बोलली. टबात निघाले ते गोमायचे नव्हते, डोंगरावरचे होते. खरे गोमायवाले निघालेच नाहीत. आता नाव देता येत नाही.

हरीशेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. राग नव्हता, हिशेब लागत नव्हता. "डोंगरावरचे आमच्या शेतात कशाला येतील? त्यांना पंख हायत काय?"

"तेच कळत नाही," मी म्हटलं. "अंबाडीपलीकडच्या उतारावरचा वंश आहे हा."

"अंबाडी?" ते म्हणाले, आणि सहज बोलून गेले, "अंबाडीकडनं तर आमच्या राबाचा पातेरा यायचा."

राब म्हणजे काय ते वाचकांसाठी सांगते. आमच्या ठाण्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी शेताचा एक कोपरा भाजतात. उन्हाळ्यात तिथं शेण, डहाळ्या, वाळलेला पाला यांचे थर रचतात आणि पेटवून देतात. तण मरतं, राख मिसळते, माती मऊ होते आणि रोप जोमानं येतं. त्या पाल्याला पातेरा म्हणतात.

हरीशेठ सांगत होते, "हितं खाडीवर झाडां कुठं हायत? माझ्या आजापास्नं पातेरा डोंगरातनं यायचा. आधी बैलगाडीनं, मागनं टेम्पोनं. उन्हाल्यात तिकडच्या बाया गाठोडी बांधून ठेवायच्या. आनायचा आनि त्या कोपऱ्यात..."

ते थांबले.

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. पाल्याच्या गाठोड्यांतून डोंगरवाले टुणके पिढ्यान्पिढ्या खाली येत राहिले होते. जळण्यातून जे वाचले ते त्या मऊ, राखट मातीत वसले. आणि आम्ही टबांत भरून आणली ती तीच माती. गोमायचे खरे टुणके मधल्या टणक, खारट जमिनीत होते, जिथं फावडं बसत नव्हतं.

हरीशेठनी कप खाली ठेवला. "बाई, मी तुमाला जो कोपरा दिला," ते हळू बोलले, "तो राबाचाच. शेतातली सगल्यात चांगली माती म्हनून दिली मी."

त्यांनी समोरच्या लाल चौकोनाकडे पाहिलं.

"म्हंजे मधली घेतली असती तर..."

"न्हाय, बाबा," प्रणाली घाईनं म्हणाली. "मधली पन घेतली व्हती ना आपुन? ढेकलां? तो टब येगला ठेवला व्हता. त्यातनं काय न्हाय निघला. कुठली पन माती नेली असती तरी ह्योच झाला असता."

तिनं जे सांगितलं त्यातलं टबाचं सगळं खरं होतं आणि शेवटचं वाक्य कशावरच उभं नव्हतं. मूठभर ढेकळांतून काही निघालं नाही, यावरून अख्ख्या शेताबद्दल काहीही म्हणता येत नाही. एखादं खणायचं यंत्र आणून मधली गोणीभर माती काढली असती तर कदाचित नाव मिळालं असतं. हे मला ठाऊक होतं. तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी जिनं 'बहुतेक'वर नाव ठेवायला नकार दिला, तीच ही पोर.

हरीशेठ लेकीकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे वळले. "बाई, खरा का?"

"हो," मी म्हटलं. "कुठूनही घेतली असती तरी तेच झालं असतं. तुमच्या कोपऱ्याचा काही संबंध नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बाहेर पाऊस त्या लाल मुरमावर पडत होता. मग त्यांनी किटली उचलली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"बाई," ते म्हणाले, "तुमाला खोटा बोलता येत न्हाय."